नातवाच्या प्रवेशाला तुम्ही आलात

बाबा, तुमच्या नातवाला शाळेत प्रवेश मिळाला. ही बातमी तुम्हाला द्यावी की नाही यात मी बरेच दिवस घालवले, कारण गेल्या वर्षापर्यंत आमच्या घरात असं धरून चाललं होतं की तुम्हाला वेगळं काही कळवायची गरजच नाही. तुम्ही इथेच होतात. जेवताना पहिलं ताट तुमचं, टीव्हीचा रिमोट तुमच्या हातात, आणि ताप आला की औषध माझ्या ड्रेसवर थुंकणारेही तुम्हीच. हे वाचून तुम्ही भुवया उंचावल्या असत्या. पण तुमच्या बायकोने सुरू केलेलं हे प्रकरण आहे, तेव्हा आधी तिला विचारा.

तुम्ही गेलात तेव्हा तो माझ्या पोटात होता. बाळंत झाले, नर्सने त्याला दुपट्यात गुंडाळून आणलं आणि आईने त्याला हातात घेतल्या घेतल्या त्याचा उजवा कान पुढे दुमडून मागे बघितलं. तिथे तीळ होता. तुमचा होता तिथेच, तेवढाच. आई खाटेच्या कडेवर बसली आणि मालवणीत एकच शब्द बोलली, "इले." आले, म्हणजे तुम्ही आलात. तिच्या चेहऱ्यावर मला आश्चर्य दिसलं नाही. मुंबईहून गावी गेलेला माणूस ठरलेल्या गाडीने परत यावा आणि दार उघडणाऱ्याने पिशवी हातातून घ्यावी, तसा तिचा चेहरा होता. मी टाके ओढले जात असताना हसले आणि रडलेही. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी मुलगा झाल्याचा आनंद नंतर झाला. आधी झाला तो तुम्ही माझ्याकडे आल्याचा.

त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. लग्न कुणाशी करतेय हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही "आपल्यातला नाही" एवढंच म्हणालात आणि नंतर माझ्याशी बोलणं बंद केलंत. तो वाईट आहे असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, कारण त्यासाठी त्याला भेटावं लागलं असतं. बौद्ध घरातला, आईवडील मराठवाड्यातून आलेले, स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकून इंजिनियर झालेला मुलगा. तुमच्या कारखान्यात नोकरीला लागला असता तर तुम्ही त्याला डबा उघडून खाऊ घातला असतात. पण जावई म्हणून नाही. मी फोन करायचे तेव्हा तुम्ही उचलायचात आणि आईला हाक मारून सांगायचात, "तुझा फोन आहे." त्या वर्षांत तुमचा आवाज मी तेवढ्या तीन शब्दांत ऐकला आणि तेही माझ्यासाठी नव्हते. मी घरी आले की तुम्ही सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसायचात. मला दिवस गेलेत हे आईने तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही काही न बोलता पंखा बंद केलात आणि गॅलरीत जाऊन उभे राहिलात. उन्हाळ्यात पंखा बंद करणारा माणूस मनात काय म्हणत असेल, यावर मी नको तेवढा विचार केलेला आहे. मग तुम्हाला झटका आला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तुम्ही कुणाशीच बोलत नव्हतात, म्हणजे त्या दिवशी निदान सगळ्यांना एकसारखं वागवत होतात.

म्हणून आई "इले" म्हणाली तेव्हा मी हिशेब केला. ज्या मुलीवर एवढा राग धरला, तिच्याच पोटी माणूस कशाला येईल? राग गेला असेल तरच येईल. माझं शिक्षण शास्त्र शाखेचं, नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळते. तरीही हा हिशेब मला पटला. कुणालाही पटला असता.

आई मरोळला आमच्याकडेच राहायला आली. त्याचं नाव आम्ही ठेवलं, छान ठेवलं, पण आईने ते तोंडाने घेतलं नाही. ती त्याला "अहो" म्हणायची. रांगणाऱ्या पोराला "अहो, तिकडे भिंत आसा," म्हणायची. बाकी आम्ही त्याला बाबा म्हणायचो, आणि घराघरांत लहान मुलांना बाबा म्हणतातच, त्यामुळे शेजारीपाजारी कुणाला काही वावगं वाटलं नाही. आजी नातवाला अहोजाहो करते याचं सगळ्यांना कौतुक. तिने त्याचा तुमच्यासारखा डाव्या बाजूने भांग पाडला. पेजेबरोबर तुम्हाला लागायचं तसं सुक्या बांगड्याचं तोंडीलावणं त्याला दात आल्या आल्या दिलं, आणि त्यानेही ते आवडीने खाल्लं. सगळ्यात मोठं म्हणजे पितृपक्षात तिने तुमचं पान ठेवणं बंद केलं. आजोबांचं, पणजीचं ठेवायची, तुमचं नाही. मी एकदा विचारलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मला अक्कलच नाही. माणूस घरात जेवायला बसलाय तर त्याचं पान बाहेर कावळ्याला कशाला ठेवायचं, असं तिचं म्हणणं. कपाळाला ती टिकली लावत नव्हती, पण विधवा झालेल्या बाईसारखी ती एक दिवसही वागली नाही. रडली तर मुळीच नाही.

नवऱ्याने पहिल्या वर्षी मला एकदाच सांगितलं होतं. आमच्यात आत्मा मानत नाहीत, पुनर्जन्म मानत नाहीत, श्राद्ध करत नाहीत. आईंचं दुःख मोठं आहे म्हणून मी गप्प आहे. त्यानंतर तो खरंच गप्प राहिला. मला वाटलं, त्याला चालतंय. गप्प माणसांबद्दल माझा अंदाज नेहमी चुकतो, हे मला तुमच्यामुळे तरी कळायला हवं होतं.

मग शाळेचा विषय निघाला. आमच्या पिढीला काय, जूनमध्ये हात धरून नेलं आणि बसवलं. हल्ली मूल धड बोलायला लागायच्या आत रांगा लागतात. नवरा या बाबतीत माझ्यापेक्षा उतावळा. महापालिकेच्या शाळेचं ऋण तो मानतो, पण मुलाला खासगी शाळेतच घालायचं यावर त्याच्याकडे चर्चा नव्हती. त्याने आजूबाजूच्या सगळ्या शाळा बघितल्या आणि एक पसंत केली. घरापासून चालत जाण्यासारखी, मैदान मोठं, शिक्षिका आरडाओरडा करत नाहीत. तुम्ही ओळखलंत कुठली ते; मी लहान असताना, आपण इथे जवळच राहायचो तेव्हा, मला घेऊन गेला होतात तीच. तेव्हा तिथे कौलारू बंगली होती आणि पुढे दगडी जिना होता. आता काचा लावलेली उंच इमारत आहे, लिफ्ट आहे, वॉचमनच्या गळ्यात ओळखपत्र आहे. पण संस्था तीच आणि फाटकही त्याच जागी. मी नवऱ्याला पार्ल्याकडची दुसरी एक शाळा सुचवून बघितली. का, ते सांगितलं नाही. तो म्हणाला, रोज एवढं ट्रॅफिक काढायचं कशासाठी? मी फॉर्म भरायला घेतला.

त्या जुन्या दिवसाचं मला जे आठवतं ते असं. तुम्ही कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे. निळा बुशशर्ट, केसांना तेल. माझा हात धरून तुम्ही भराभर चालताय आणि ओठांतल्या ओठांत तेच तेच म्हणताय, "आय ॲम टर्नर. आय ॲम टर्नर." लेथ मशीनवर काम करणाऱ्याला टर्नर म्हणतात हे मला माहीत होतं, इंग्रजीत ते कसं सांगायचं हे तुम्हाला तुमच्या सुपरवायझरने शिकवलं होतं. मोठ्या टेबलामागे बसलेल्या बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, आय ॲम टर्नर. त्यांनी दुसरं काहीतरी विचारलं. तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत. मग त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, बाबा, मी आज त्या हसण्याचा विचार करते तेव्हा ते चांगलंच होतं असं वाटतं. आणि त्या म्हणाल्या, "मराठीत सांगा, चालेल." त्यानंतर तुम्हाला मराठीतही बोलता येईना. तुम्ही पोटाशी हातावर हात धरून उठून उभे राहिलात, आणि आपण निघालो. जिना उतरताना तुम्ही मला थांबवून माझ्या सँडलचा पट्टा बांधायला खाली बसलात. फार वेळ लावलात. मला तुमच्या डोक्यावरचा सरळ भांग दिसत होता आणि तेलाचा वास येत होता, आणि मी पायांनी खेळत होते. नंतर बेकरीत नेऊन तुम्ही मला क्रीमरोल घेऊन दिलात, एकटीला अख्खा, आणि म्हणालात, "ती शाळा काय धड नाय." मी पुढे कितीतरी वर्षं त्या फाटकावरून जाताना आतल्या मुलांची कीव करायचे. कॉलेजात असताना एकदा मी जेवता जेवता म्हणून गेले की इंग्रजी शाळेत असते तर बरं झालं असतं. तुम्ही ताट सारलंत आणि उठलात. मला वाटलं, मराठीचा अभिमान.

शाळेत हल्ली मुलाखत म्हणत नाहीत, इंटरॅक्शन म्हणतात. सप्टेंबरातल्या एका सकाळी आम्हाला बोलावलं. नवऱ्याने त्याच्याकडून रंग, प्राणी, गाड्या असं सगळं करून घेतलेलं. पोरगं झकास तयार होतं, लिफ्टवाल्याला गुड मॉर्निंग म्हणणारं पोरगं ते. निघताना आईने देवापुढे गाऱ्हाणं घातलं, त्याचा भांग पाडला आणि त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. आशीर्वाद देत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. खोलीत छोट्या छोट्या खुर्च्या, भिंतीवर जिराफ. समोर माझ्याहून लहान वयाची, हसऱ्या चेहऱ्याची शिक्षिका. तिने त्याला इंग्रजीत नाव विचारलं. तो खुर्चीतून उठला. पोटाशी हातावर हात धरून उभा राहिला. ते उभं राहणं मी ओळखलं, त्याने तोंड उघडायच्या आधीच.

"आय ॲम टर्नर," तो म्हणाला.

शिक्षिकेला वाटलं गंमत करतोय. तिने जिराफाकडे बोट दाखवून विचारलं हा कोण. आय ॲम टर्नर. घरी कोण कोण असतं? आय ॲम टर्नर. नवरा त्याच्या शेजारी वाकून त्याला समजावत होता आणि तो माझ्याकडे बघत होता. बाबा, त्या पोराच्या डोळ्यांत जी नजर होती ती लहान मुलाची नव्हती. मोठ्या माणसाची लाज होती ती. शिक्षिका बिचारी चांगली. तिने खुर्ची पुढे ओढून त्याला मराठीत विचारलं, बाळ, तुला काय सांगायचंय? मराठी ऐकल्याबरोबर त्याचे ओठ थरथरायला लागले आणि तो जो गप्प झाला तो झालाच. आम्ही पुन्हा एकदा बोलावू, असं म्हणाली ती. मी नुसती मान हलवली.

लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून आम्ही जिन्याने उतरलो. नवरा पुढे गेला होता. अर्ध्यात मुलगा थांबला, पायरीवर बसला आणि त्याने पाय पुढे केला. बुटाचा पट्टा सुटला होता. मी खाली बसून पट्टा लावायला घेतला. तेव्हा तो अगदी साध्या आवाजात, आज डब्यात काय आहे असं विचारावं तसं म्हणाला, "मी इथे रडलो होतो."

मी विचारलं, "कधी रे?"

"तू लहान होतीस तेव्हा. तुझा पट्टा बांधताना. तू बघितलं नाहीस."

ती इमारत नवी आहे, तो दगडी जिना कधीच पाडला, हे मला कळत होतं आणि त्याने काही फरक पडत नव्हता. तुम्ही रडलात हे मला माहीत नव्हतं. मला फक्त तुमचा भांग दिसला होता. जी गोष्ट माझ्याही आठवणीत नाही ती माझा मुलगा मला सांगत होता, आणि मी त्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्या बायका वळून बघत असताना, त्याच्या पायांवर डोकं टेकवलं. मुलाच्या नाही. तुमच्या.

आम्ही घरी पोचलो. आईने दारातच विचारलं, बोलले का हो? नवऱ्याने मुलाला आत खेळायला पाठवलं आणि आईला शांतपणे विचारलं की टर्नर हा शब्द त्याला कुणी शिकवला. आईने एका झटक्यात सगळं सांगून टाकलं, लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. दुपारी झोपवताना ती त्याला गोष्टी सांगायची. राजाच्या नाही, तुमच्या. आणि त्याही "एक होता" अशा नाही. "तुमी" असं म्हणून. तुमी भर पावसात कारखान्यात चालत गेलास, तुमच्या बोटाला लेथ लागली, तुमी पोरीला घेऊन शाळेत गेलास आणि जिन्यात रडलास. तुम्ही ते तिला त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतंत म्हणे, आणि पोरीला कळू देऊ नको म्हणाला होतात. आता त्याच शाळेत जायचंय म्हटल्यावर तिने त्याची तयारी करून घेतली. आमच्या जिराफ-हत्तींवर तिचा विश्वास नव्हता. तिच्या दृष्टीने परीक्षा तुमची होती. निघताना त्याच्या कानात ती म्हणाली होती, "मागच्या येळेक गप रवलास. आता बोला."

म्हणजे काही चमत्कार नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण माझ्या मनात आलं की माझ्या पोराला आम्ही त्याच्या जन्मापासून एका माणसाची लाज भरवतोय, चमच्या चमच्याने, आणि तो ती गिळतोय.

नवरा उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा आवाज कापताना ऐकला. "आई, ज्या माणसाने माझ्या घरात कधी पाऊल टाकलं नाही, तो माझ्या मुलात राहायला कशाला येईल?" मग आतल्या खोलीकडे बघत, "आणि आला असेल, तर मला विचारायला नको?"

तो म्हणाला की शाळा मिळो न मिळो, त्याला त्याचं नाव द्या. एवढंच. मग तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला, आणि मला आठवलं की तुमच्या अंत्ययात्रेत तो सगळ्यांच्या मागून चालला होता. खांदा द्यायला पुढे झाला नव्हता, कुणी बोलावलं नाही म्हणून. त्याबद्दलही तो कधी बोलला नाही. मी स्वयंपाकघरात आईच्या मागे गेले. तिने कारण नसताना तांदूळ निवडायला घेतले होते. मी तिला जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. पंखा बंद केल्यावर, गॅलरीतून आत आल्यावर, त्यानंतर कधीतरी, शेवटपर्यंत कधीतरी, बाबा माझ्याबद्दल काही बोलले का? आईने ताटलीतून मान वर केली नाही. नाय म्हणाली. काहीच नाय. मग म्हणाली, "बोलले नाय म्हणान तर परत इले."

तेव्हा मला तिचं कळलं. ती तुम्हाला स्वतःसाठी परत आणत नव्हती. मी तुमच्या अबोल्यात मरेपर्यंत राहू नये म्हणून आणत होती. मला ती माझ्या मुलाच्या तोंडून तुमचा आवाज ऐकवणार होती, आणि त्यासाठी तिने आपलं रडणं थांबवून ठेवलं होतं. आम्ही दोघी मिळून एका पोराच्या अंगावर तुमचा शर्ट चढवला होता. त्याच्या बाह्या त्याच्या गुडघ्यापर्यंत येत होत्या, आणि आम्ही म्हणत होतो, बघ, कसा बेतशीर बसलाय.

पितृपक्ष लागला. तुमच्या तिथीला आई सकाळी लवकर उठली आणि तिने स्वयंपाक केला. काळ्या वाटाण्यांची आमटी, वडे, खीर, भाजी, सगळं तुमच्या आवडीचं. केळीचं पान तिने आदल्या दिवशी बाजारातून आणून ठेवलं होतं, मला न सांगता. पान वाढून झालं आणि ती त्याच्यापुढे नुसती बसून राहिली. गच्चीवर न्यायचं तर लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंतच जाते, पुढचा जिना तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. मी पुढे होणार तेवढ्यात नवरा ऑफिसचे कपडे घालून बाहेर आला. त्याने पान बघितलं. तो म्हणाला, आई, हे मी मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण वर ठेवून येतो, तुमचे गुडघे दुखतात. आईने त्याच्याकडे बघितलं आणि पान त्याच्या हातात दिलं. दोन्ही हातांत ते पान सांभाळत, आमटी सांडू नये म्हणून पावलं जपून टाकत तो जिना चढला. बाबा, तुमच्या घरी ज्याला कधी पाण्याचा पेला मिळाला नाही, त्याने तुमचं जेवण वर नेलं. मी खालून बघत होते. मला तुमची लाज वाटली, आणि त्याचा अभिमान वाटला, आणि या दोन्ही गोष्टी मला तुम्हाला तोंडावर सांगायच्या होत्या.

तो बऱ्याच वेळाने खाली आला. आईने विचारलं, "शिवलो?" तो म्हणाला, "शिवला, आई." कावळा खरंच आला होता की नाही हे मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. आई आत गेली, पलंगावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाल्यावर, भर सकाळी, कपडे धुवायला आलेल्या बाईच्या देखत ती विधवा झाली. मुलगा घाबरून दारात उभा होता. त्याने मला विचारलं, आजीला काय झालं? मी म्हटलं, तुझे आजोबा वारले. तो विचारात पडला. "मग मी?" म्हणाला. तू नाही, मी म्हटलं, तू आहेस.

दसरा झाल्यावर शाळेने पुन्हा बोलावलं. मधल्या दिवसांत आई त्याच्याशी कमीच बोलत होती. काय म्हणून हाक मारायची तेच तिला उमजेना. निघायच्या वेळी तिने त्याचे केस विंचरले आणि भांग उजवीकडून पाडला. मग हाताने त्याची हनुवटी धरून त्याचं नाव घेतलं, पहिल्यांदाच, जरा अडखळत, नव्या सुनेला उखाण्यात घ्यायला लावतात तसं. म्हणाली, "जा रे. नीट बोल." त्या जिराफाच्या खोलीत तीच शिक्षिका होती. तिने नाव विचारलं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, मग बापाचं नाव, मग आडनाव, खणखणीत. माझ्या शेजारी नवरा ताठ बसला होता. त्याच आडनावापायी तुम्ही एकेकाळी माझा फोन आईच्या हातात द्यायचात. पुढचं सगळं सोपं गेलं. जिराफाला तो घोडा म्हणाला, पण मान दुखत असेल त्याची, असंही म्हणाला, आणि ती हसली, आणि तोही हसला.

आता तो जातो शाळेत. गणवेश घालतो, पाण्याची बाटली हरवतो, रोज एका नव्या मित्राचं नाव सांगतो. इंग्रजी इतकं भरभर बोलायला लागलाय की आई त्याला म्हणते, माका कळात असा बोल. ती त्याला "जेवलंस रे?" विचारते, आणि चुकून कधी अहो म्हणाली तर तो तिलाच दटावतो. सुका बांगडा तो आता खात नाही, वास येतो म्हणे. सगळं जसं हवं तसं झालं आहे. नवरा मोकळेपणाने हसतो. घर शांत आहे. इतकं शांत की संध्याकाळी मी लॅबमधून येते, चप्पल काढते आणि उगाच थोडा वेळ दारात थांबते.

गेल्या रविवारी दुपारी आई झोपली होती आणि नवरा बाहेर गेला होता. मी मुलाला मांडीवर घेऊन त्याची नखं कापत होते. त्याचा कान माझ्या हनुवटीशी होता. मी अगदी हळू, कुणी ऐकत नाही याची खात्री असूनही हळू, विचारलं, "बाबा, तुम्ही आहात का?"

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. जुन्या खेळातला एखादा सोबती आजारी पडला असावा तशा समजुतीने त्याने माझ्या गालावर हात ठेवला. "नाही गं आई," म्हणाला, "मी आहे."

मी त्याला जवळ घेतलं. याहून चांगलं उत्तर कुठल्या आईला मिळेल? हे पत्र कुठे धाडायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी धाडलं नसतं. तुम्ही ते उघडून आईच्या हातात दिलं असतंत, तुझं आहे म्हणून. तुम्ही माझ्याकडे आलाच नव्हतात, हे आता मी मान्य करते. नवऱ्यालाही तसं सांगितलंय. फक्त त्याला मी हेही सांगितलंय की मुलाला मी ते एकदाच विचारलं. ते खरं नाही.